मुलाखतवाले भाऊ

टीव्हीवर हल्ली रोज कुणीतरी कुणाची तरी मुलाखत घेत असतं. विचारणारा आधी हसतो, उत्तर देणारा त्याच्यापेक्षा मोठ्यानं हसतो, आणि नक्की काय विचारलं होतं ते शेवटपर्यंत कळत नाही. माझी नात म्हणते, "आजी, तुला विनोद कळत नाही." असेल. पण मी भाऊंच्या मुलाखती ऐकलेल्या आहेत, त्याला माझा इलाज नाही.

भाऊ मुलुंडला आमच्या चाळीत, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला राहायचे. तेव्हा टीव्ही नव्हता. भाऊ त्याच्यासाठी थांबले नाहीत, एवढंच.

दिसायला अगदी साधे. पायजमा, बंद गळ्याचा कोट आणि चेहऱ्यावर कुणाच्या तरी दहाव्याला आल्यासारखा भाव. या चेहऱ्यानं ते लोकांना पोट धरधरून हसवायचे आणि स्वतः मात्र लोक कशाला हसताहेत ते कुणी समजावून सांगेल का, अशा नजरेनं बघत राहायचे. हे सोंग नव्हतं. घरीही ते तसेच होते. गॅलरीत दात घासताना भेटले तरी प्रश्न विचारायचे आणि विचारताना उजवी मूठ आपोआप समोरच्याच्या हनुवटीखाली न्यायचे. मुठीत माईक आहे असा त्यांचा समज असावा. नव्या भाडेकरूंना भीती वाटायची. मग सवय होऊन लोक त्या मुठीत बोलायला लागायचे. आमचा दूधवाला तर मूठ दिसली की घसा खाकरून घ्यायचा.

मी तेव्हा नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. भाऊ माझ्याहून बरेच मोठे, तरी मला "अहो मास्तरीणबाई" म्हणायचे. एकदा मी म्हटलं, "भाऊ, मला अरे-तुरे करा ना. लहान आहे मी."

"लहान माणसं जास्त खरं बोलतात," ते म्हणाले. "त्यांना मान देऊन ठेवलेला बरा."

भाऊंनी नोकऱ्या पुष्कळ केल्या. सोडली एकही नाही. त्या त्यांना सोडून गेल्या. मी त्यांना कामावर प्रथम पाहिलं ते टांग्यात. मुलुंडच्या पाच रस्त्याच्या चौकातून एक टांगा चालला होता, दोन्ही बाजूंना सिनेमाच्या पाट्या बांधलेल्या, आत भाऊ हातात पत्र्याचा कर्णा घेऊन उभे. आमच्याकडच्या थेटराची जाहिरात करायचं काम त्यांना मिळालं होतं. ते ओरडत होते, "आज लागला आहे! गोष्ट जुनीच आहे! गाणी बरी आहेत! नायिका शेवटी मरते, तेव्हा रुमाल आणावा! थेटरातल्या खुर्च्या नव्या आहेत, त्या अवश्य बघाव्या!"

लोक खुर्च्या बघायला गेले, हे खोटं नाही. पण मालक संतापला. "तू आमच्या बाजूचा की पलीकडच्या थेटराच्या?" असं त्यानं विचारलं. भाऊ म्हणाले, "मी रस्त्यावर असतो." दुसऱ्या दिवशी ते खरोखरच रस्त्यावर होते.

मग घाटकोपरच्या बाजारात दंतमंजन विकायला उभे राहिले. त्यांच्यापुढे पहिलीच आली ती बोळक्या तोंडाची एक म्हातारी. दुसरा कुणी असता तर त्यानं तिला बाजूला सारून पुढच्याला हाक मारली असती. भाऊंनी तिला स्टुलावर बसवलं आणि कुठला दात कधी पडला ते विचारलं. म्हातारीला दात नव्हते, पण आठवण दांडगी होती. एक नवऱ्याच्या हातून गेला होता, एक दुष्काळात, दोन बाळंतपणांत. एक तिनं स्वतःच दोऱ्यानं ओढून काढला होता, सासूवरच्या रागानं. सगळा बाजार गोळा झाला. हसून हसून माणसं वाकली, मग काही जणी डोळे पुसायला लागल्या. मंजन कुणीच घेतलं नाही. शेजारच्या चणेवाल्याची मात्र पाटी रिकामी झाली. कंपनीच्या माणसानं जाब विचारला तेव्हा भाऊ म्हणाले, "अहो, तिच्या दातांचा विषय चालू असताना मंजनाचं काय बोलणार? बरं दिसलं नसतं."

रेडिओवर बाजारभाव वाचायचीही संधी त्यांना एकदा मिळाली होती. आवाज फार चांगला होता त्यांचा. खर्जातला, कोरडा, आणि तरीही ऐकणाऱ्याला आपल्याशीच बोलताहेत असं वाटायला लावणारा. सगळी चाळ रेडिओला चिकटून बसली. कांदा झाला, बटाटा झाला, आणि वांग्याचा भाव वाचून भाऊ थांबले. मग म्हणाले, "आमच्याकडे यापेक्षा स्वस्त मिळतात." चाळीत टाळ्या पडल्या. पुन्हा बोलवायचं झालं तर कळवू, असं त्यांना सांगण्यात आलं. पुढे कित्येक वर्षं कुणी विचारलं तर भाऊ सांगायचे, "रेडिओचं म्हणता? ते कळवणार आहेत."

त्यांचं खरं काम होतं मुलाखतीचं. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, कुठंही मंडळाचा कार्यक्रम असो, निरोपसमारंभ असो, भाऊ आपलं बुटकं स्टूल बगलेत मारून जायचे. पाहुण्याला खुर्ची, स्वतःला स्टूल. "विचारणारा खाली बसलेला बरा," म्हणायचे, "वरून विचारलं की पोलिसात गेल्यासारखं वाटतं." माईक हातात आला की 'हॅलो, हॅलो' नाही. म्हणायचे, "ऐकू येत नसेल त्यांनी तसं सांगावं." मग नुसतेच थांबायचे. बहिऱ्यांना वेळ द्यायला.

प्रश्न साधे असत. आज सकाळी काय खाल्लंत? घरात तुमचं कोण ऐकतं? विचारून झालं की गप्प. कितीही वेळ गप्प. मी एकदा त्यांना म्हटलं, "भाऊ, लोकांना हसवायची युक्ती काय हो तुमची?"

"हसवायचं नसतं," ते म्हणाले. "विचारून गप्प बसायचं. माणसाला रिकामी जागा बघवत नाही म्हणून तो आपणच बोलतो. आणि खरं बोलला की लोक हसतात."

"खरं बोलल्यावर हसतात?"

"सवय नसते ना."

माझे बाबा फोर्टातल्या एका कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा चाळीनं त्यांचा सत्कार केला. बाबा म्हणजे कामापुरतं बोलणारे. घरी आले की छत्री खुंटीला, टोपी खुंटीला, आणि बोलणंही बहुधा तिथंच टांगून ठेवायचे. सत्कारात ते खुर्चीवर असे बसले होते की फोटो काढून झाला तरी हलले नसते. भाऊंनी विचारलं, "काका, कचेरीत तुम्ही सगळ्यात जास्त वेळ कशाकडे बघितलंत?"

आम्हाला वाटलं, बाबा म्हणतील फायलींकडे. बाबांनी खुर्चीचे हात सोडले. मग म्हणाले, "घारीकडे."

समोरच्या इमारतीच्या गच्चीवर घारीचं घरटं होतं. दरवर्षी पिल्लं व्हायची. एका वर्षी एक पिल्लू उडायला तयारच होईना, तर घार त्याला भरवायची थांबली आणि थोड्या अंतरावर मांस घेऊन नुसती बसून राहिली. त्या आठवड्यात बाबांच्या हातून बेरजा चुकल्या आणि साहेबानं झापलं. "साहेबाला काय सांगणार, पिल्लू उडत नाही म्हणून?" बाबा म्हणाले, आणि चाळ हसली. बाबाही हसले. अर्धा तास ते घारीवर बोलत होते. आई माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतताना तिनं बाबांना विचारलं, "मग उडालं का ते?" आमच्या घरात नवराबायकोच्या गप्पा सुरू झाल्या त्या तिथून.

असे हे भाऊ. साऱ्या गावाला विचारत फिरायचे. आणि त्यांच्या स्वतःच्या घरात वहिनी.

वहिनी मालवणकडच्या. सकाळी उठून भाकऱ्या, डबा, धुणं, मासे असतील तर मासे. बोलणं जवळजवळ नाहीच. गॅलरीत आम्ही बायका तांदूळ निवडायला बसलो की त्याही बसायच्या, ऐकायच्या आणि उठून जायच्या. भाऊंची एक नोकरी जाऊन दुसरी येईपर्यंत त्यांच्या कपाळाला एक आठी पडायची, नोकरी लागली की जायची. आम्हाला बातमी कळायची ती त्या आठीवरून.

मग भाऊंना भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात नोकरी लागली. चांगली, कायमची. कामगारांसाठी खेळ, भजनं, नाटकं असं काहीबाही करायचं आणि उरलेल्या वेळात हजेरी घ्यायची. कारखान्यात हवेतच रंग असायचा. भाऊ संध्याकाळी घरी यायचे ते निळी कॉलर घेऊन. वहिनी ती कॉलर घासायच्या आणि घासताना गुणगुणायच्या. त्यांना गाता येतं हे आम्हाला तेव्हा कळलं.

हे वर्षभर टिकलं. मग डिसेंबरात कारखान्याचा वार्षिक समारंभ आला आणि मॅनेजरला सुचलं की शेठजींची मुलाखत ठेवू. भाऊ स्टुलावर बसले. त्यांनी विचारलं, "शेठ, समोर एवढी माणसं बसली आहेत. यातल्या कुणाही एकाचं नाव सांगता?"

शेठजींनी समोर पाहिलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. भाऊ नेहमीसारखे गप्प. शेवटी शेठजींना पहिल्या रांगेत ओळखीचा चेहरा दिसला. "ते काय," ते आनंदानं म्हणाले, "मॅनेजर."

"त्यांचं नाव?"

"मॅनेजर," शेठजी म्हणाले.

कामगार इतके हसले की मांडवाची एक कनात पडली. दुसऱ्या दिवशी भाऊंना फाटकातूनच परत पाठवलं. आम्ही नंतर विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मला वाटलं एखादं तरी येत असेल." मला ते खरं वाटतं. भाऊंच्या प्रश्नात कधी सापळा नसायचा. म्हणूनच माणसं अडकायची.

या वेळी मात्र भाऊंनी घरी सांगितलं नाही. का, ते त्यांनाच ठाऊक. त्या गुणगुणण्यामुळे असेल. रोज सकाळी ते डबा घेऊन निघायचे, भांडुपच्या दिशेला वळायचे आणि पुढच्या गल्लीतून परत येऊन पोस्टासमोरच्या पिंपळाच्या पारावर बसायचे. एखादा शहाणा माणूस लपायला दुसऱ्या गावी गेला असता. भाऊ पारावर बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला लागले. मनिऑर्डर करायला आलेला, तार करायला आलेला, सगळ्यांची मुलाखत. पंधरवड्यात निम्म्या मुलुंडला कळलं की भाऊंची नोकरी गेली. चाळीत तर सगळ्यांनाच. फक्त वहिनींना सांगायचं नाही, असं न ठरवता ठरलं होतं. बायका त्यांच्यासमोर कारखान्याचा विषय निघाला की एकदम लोणच्यावर बोलायच्या.

जानेवारीत महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं. आमच्या शाळेच्याच हॉलमध्ये, त्यामुळे सगळी धावपळ माझ्याकडे. ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंची मुलाखत ठेवली होती. त्या मुलुंडला नवा दवाखाना काढणार होत्या. भाऊ स्टूल मांडून तयार. हॉल भरला. गर्दी होणार म्हणून बाहेर झाडावर एक कर्णाही बांधला होता. आणि ऐन वेळी निरोप आला की डॉक्टरीणबाई एका बाळंतपणात अडकल्या आहेत, उशीर होईल.

खुर्ची रिकामी. बायका चुळबुळायला लागल्या. मंडळाच्या अध्यक्षा वकीलीणबाई, फार उत्साही. त्या उठून म्हणाल्या, "त्यात काय! भाऊ, आज एका साध्या गृहिणीची मुलाखत घ्या. घरकाम काय सोपं असतं?" आणि त्यांनी आजूबाजूला बघितलं. वहिनी कोपऱ्यात तिळगुळाच्या पुड्या बांधत होत्या. "या हो, तुम्हीच या! भाऊंच्या मंडळींचीच होऊ द्या!"

टाळ्या वाजल्या. मला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. मी पुढे होऊन काही बोलणार, तेवढ्यात वहिनींनी हात पदराला पुसले आणि त्या सरळ येऊन खुर्चीवर बसल्या.

भाऊंना मी पहिल्यांदाच गोंधळलेलं पाहिलं. त्यांनी माईक या हातातून त्या हातात घेतला. "आपलं नाव?" त्यांनी विचारलं.

"तुमका म्हायत नाय?" वहिनी म्हणाल्या.

हॉल खदखदला. कुणीतरी ओरडलं, "नाव घ्या, नाव घ्या!" हळदीकुंकवात बाई खुर्चीवर बसली की तिची उखाण्यातून सुटका नाही. वहिनींनी क्षणभर खाली बघितलं आणि म्हणाल्या,

"सुपातले तांदूळ निवडते, खडे ठेवते बाजूला,
भाऊराव विचारतात साऱ्या गावाला, एक सोडून बायकोला."

बायका टाळ्या पिटायला लागल्या. बाहेरून पुरुषांच्या हसण्याचा आवाज आला. कर्ण्याखाली भाजीवाले, टांगेवाले सगळे जमले होते. भाऊंचा चेहरा नेहमीचाच, पण कान लाल. आणि मग सवयीनं त्यांच्या तोंडून तो प्रश्न निघाला. बायकांच्या मुलाखतीत ते तो नेहमी विचारायचे.

"तुमचे मिस्टर काय करतात?"

उत्तर हॉलमधल्या सगळ्यांना माहीत होतं. वकीलीणबाईंनी तिळगूळ तोंडात टाकला होता, तो चावायचा राहिला. भाऊंनाही आपण काय विचारलं ते कळलं. पण विचारून गप्प बसायची सवय. ते गप्प बसले.

"महिनो झालो," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "कायच करणत नाय."

"तुम्हाला... कुणी सांगितलं?"

"कॉलरीन. पांढरी जाता, पांढरी येता."

कुणी हसलं नाही. भाऊंनी आवंढा गिळलेला कर्ण्यातून पाच रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल.

"मग विचारलं का नाही?"

"इचारणा तां तुमचा काम. माझा काम डबो भरूचा."

"रागावलात?"

"रागान काय डबो भरूक येता?"

भाऊंनी माईक हळूच खाली केला. तेव्हा वहिनींनी हात पुढे केला आणि तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "आता माका सांगा," त्या म्हणाल्या, "दुपारचो डबो खंय खायत होतात?"

"पोस्टासमोर. पारावर."

"एकटेच?"

"नाही," भाऊ म्हणाले. "कुणी ना कुणी असायचं. बोलता बोलता जेवायची वेळ व्हायची. मग अर्धी भाकरी त्याला..."

"म्हणान," वहिनी आमच्याकडे वळून म्हणाल्या, जसं काही एखादं जुनं कोडं सुटलं, "घराक इल्यावर हावऱ्यासारखे जेवत. म्हणान मी दोन भाकऱ्यो जास्ती घालूक लागलंय." आणि भाऊंना म्हणाल्या, "पुरतत मा?"

भाऊंनी मान हलवली. पुरतात अशी. मग खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं. आता हसायचं की काय करायचं ते कुणालाच कळेना, तेव्हा वकीलीणबाईंनी तोंडातला तिळगूळ गिळला आणि रडत रडत टाळ्या वाजवल्या. त्यामागोमाग सगळ्यांनी.

डॉक्टरीणबाई मध्येच कधीतरी आल्या होत्या आणि दारातच उभ्या राहिल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्या भाऊंना म्हणाल्या, "माझे पेशंट धड काही सांगत नाहीत. पोट दुखतं म्हणतात आणि गप्प बसतात. माझ्या दवाखान्यात केसपेपर लिहायला याल का? विचारायचं आणि लिहायचं."

भाऊंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "जावा."

ही नोकरी टिकली. रांग हळू सरकायची, डॉक्टरीणबाई कुरकुरायच्या. कारण भाऊ नाव, वय, काय होतंय हे विचारून थांबायचे नाहीत. एक बाई खोकल्यासाठी आली, भाऊंशी सासूबद्दल बोलली आणि बरं वाटतंय म्हणून आत न जाताच घरी गेली. डॉक्टरीणबाईंनी जाब विचारला तेव्हा भाऊ म्हणाले, "तिला तुमच्याकडे पाठवायचं विसरलो. पण खोकत नव्हती." वहिनी पुन्हा कधी खुर्चीवर बसल्या नाहीत. मंडळानं पुष्कळ आग्रह केला. "एकदा सांगितलां, झालां," एवढंच त्यांचं म्हणणं.

मग माझं लग्न होऊन मी बोरिवलीला आले. मधल्या काळात भाऊंचा घसा बसायला लागल्याचं आईकडून कळलं. डॉक्टरीणबाईंनीच बघितलं आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज वाचला नाही.

मी त्यांना भेटायला चाळीत गेले. भाऊ खाटेवर उशीला टेकून बसले होते, गळ्याला मफलर. मला बघून त्यांनी ओठ हलवले, 'मास्तरीणबाई' असं दिसलं. मला बोलायची गरजच पडली नाही. वहिनी बोलत होत्या.

चहा ठेवताना बोलत होत्या, कप विसळताना बोलत होत्या. खालच्या मजल्यावर कोण राहायला आलं, डॉक्टरीणबाईंनी नवा माणूस ठेवलाय तो कसा बावळट, वकीलीणबाईंच्या सुनेनं केस कापले. तिथून त्या मालवणला गेल्या. लहानपणी त्यांच्याकडे एक म्हैस होती, ती रोज संध्याकाळी वाडीतल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी गोठ्यात जाऊन उभी राहायची आणि यांनी तिला शोधत फिरायचं. म्हशीच्या तोंडचं बोलणंसुद्धा वहिनी करून दाखवत होत्या. इतकं छान सांगत होत्या की मी चहा प्यायचं विसरले. भाऊ त्यांच्याकडे बघत होते. चेहरा नेहमीसारखाच, पण एक शब्द सुटू नये तसे.

म्हैस सापडायच्या आधी वहिनी श्वास घ्यायला थांबल्या, तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही इतकं सुंदर बोलता! मग इतकी वर्षं गप्प का राहिलात हो?"

वहिनींनी स्टोव्हची वात खाली केली.

"तेंचो आवाज बरो होतो गो," त्या म्हणाल्या. "ऐकत रवलंय."

भाऊंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. वहिनींनी माझ्या कपात ताजा चहा ओतला, भाऊंच्या मफलरचं टोक नीट केलं आणि म्हैस जिथं हरवली होती तिथून पुढे सांगायला लागल्या.